भेगेवरची काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. लांबीने वीतभर, रुंदीने दोन बोटे. मित्रांनो, मी मधोमध फुटलेली आहे. पण त्याचे वाईट वाटून घेऊ नका. फुटणे हेच माझे काम होते आणि ते मी वेळेवर, चोख केले. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे.

माझी पहिली चाळीस वर्षे या इमारतीच्या जिन्यातल्या खिडकीत गेली. तेव्हा मी चांगली हातभर रुंद होते. समोर पुस्तके बांधणारा राहायचा, त्याच्या शेजारी घड्याळजी, कोपऱ्यावर बेकरी. मग गल्लीचे रूप पालटू लागले. घड्याळजी दुकान विकून गेला. बेकरीच्या जागी चकचकीत शोरूम आले. आमच्या भिंतीला लागून असलेले बैठे घर तर एका दिवसात जमीनदोस्त झाले. त्या पाडापाडीत एक वीट उडाली आणि मी खिडकीतून जिन्यावर येऊन पडले.

मला उचलले दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने. त्याला चिंधीसुद्धा टाकवत नसे, मग एवढी काच कशी टाकवेल? त्याने मला कपाटामागे ठेवून दिले.

शिंपी आणि त्याची बायको त्या दोन खोल्यांत वीस वर्षे भाड्याने राहत होती. बायको दवाखान्यात आया होती. दोघेही इतकी सरळ, की गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण कमी पडले तर शिंपी स्वतःच्या सदऱ्याचे काढून लावायचा. एके दिवशी घरमालक आला आणि म्हणाला, "मी सगळं विकून टाकतोय. या खोल्या तुम्ही घेता का, की दुसऱ्याला देऊ? तीन महिन्यांत सांगा."

झाले, दोघांचा जीव टांगणीला लागला. घर घ्यावे तर आयुष्यभराची पुंजी त्यात जाणार. न घ्यावे तर शहराबाहेर जावे लागणार, आणि तिथे शिंप्याला गिऱ्हाईक कुठले? त्यातच शेजारच्या मोकळ्या जागेवर उंच इमारतीसाठी खोल खड्डा खणायला सुरुवात झाली आणि त्या बाजूच्या भिंतीवर एक बारीक भेग दिसली.

बायको म्हणाली, "अहो, आधी भिंत कुणाला तरी दाखवू या."

म्हणून गवंडी आला. म्हातारा, कमी बोलणारा. त्याने भेगेवरून बोट फिरवले, मग एखादी काच आहे का म्हणून विचारले. शिंप्याने मला मोठ्या ऐटीत पुढे केले. गवंड्याने माझी एक पट्टी कापली, भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली. ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली.

"भिंत हलली तर ही फुटेल," तो म्हणाला. "तुमची मुदत संपेपर्यंत टिकली तर खुशाल घर घ्या. फुटली तर हात लावायचा नाही. मला बोलवायचं. फुटलेली काच मला वाचता येते."

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. बाई रोज सकाळी चहा ठेवण्याआधी माझ्यापुढे येऊन उभी राहायची. "आहेस ना गं धड?" असे विचारायची. शिंपी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "ही आमची राखणदार." भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड मात्र नसते. ते मला मिळाले होते, पण माझ्याकडे शब्द एकच होता.

बाहत्तराव्या दिवशी दुपारी तो मी उच्चारला. घरात कोणी नव्हते. खड्ड्यातले यंत्र जमिनीत काहीतरी ठोकत होते. भिंत केसभर सरकली आणि मी फुटले.

संध्याकाळी बाईने मला पाहिले आणि शिंप्याला हाक मारली. शिंपी जवळ आला. मग हळूच म्हणाला, "सकाळी मी मशीन या बाजूला सरकवलं ना, त्याचाच कोपरा लागला असेल."

"छे हो," ती म्हणाली. "मी जाळी काढत होते. माझाच झाडू लागला. मला तेव्हाच वाटलं होतं."

"अगं नाही, माझाच धक्का."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तुम्ही ऐकले असेल. इथे तर दोन संन्यासी फाशीसाठी एकमेकांना मागे सारत होते. ते खोटे बोलत नव्हते. घर जावे यापेक्षा आपल्या हातून चूक व्हावी, हे दोघांनाही सोपे वाटत होते. कुणाचा कोपरा नाही की झाडू नाही. मला कोणी शिवलेसुद्धा नव्हते. मी ओरडून सांगितले असते, पण माझा शब्द संपला होता.

"गवंड्याला बोलवायचं का?" तिने विचारले.

"आपल्याच चुकीसाठी त्या म्हाताऱ्याला कशाला जिने चढायला लावायचे?" तो म्हणाला.

त्यांनी घर घेतले. दारावर नावाची पाटी लागली. माझ्यावर कॅलेंडर आले.

कॅलेंडरामागे मला दिसत नसे, पण ऐकू येई. दार लागेनासे झाले तेव्हा शिंप्याने ते तासून घेतले. दोऱ्याचे रीळ खाली ठेवले की आपोआप घरंगळत जायचे. "फरशी जुनी झाली," तो म्हणायचा. ती रीळ उचलून आणायची.

घर घेतल्यापासून आठव्या महिन्यात भेगेत बोट जाऊ लागले. सरकारी माणसे आली आणि तासाभरात इमारत रिकामी करा म्हणाली. टेकू लावायला नेमका तोच गवंडी आला. त्याने कॅलेंडर काढले.

"ही कधी फुटली?"

"ती भिंतीमुळे नाही फुटली," शिंपी म्हणाला. "माझं मशीन लागलं होतं."

"माझा झाडू," बाई म्हणाली.

गवंडी माझ्याजवळ वाकला. "धक्का लागलेली काच लागल्या जागेपासून चौफेर तडकते," तो म्हणाला. "ही सरळ फुटलीय, बरोब्बर भेगेवर. तुमच्यापैकी कुणीही काही केलं नव्हतं."

इतक्या मोठ्या दोषातून सुटूनही कोणी सुटकेचा श्वास सोडला नाही. शिंपी नुकत्याच उचललेल्या मशीनसह खाली बसला. बाईने त्याच्या हातातून मशीन घेतले, त्याला उठवले आणि दोघे जिना उतरून गेली. कुठे गेली ते मला माहीत नाही.

मित्रांनो, वाईट बातमी सांगणाऱ्यावर कॅलेंडर लावू नका. ती वाचता येईल अशा माणसाला बोलवा, मग तो कितीही जिने चढून येवो.

जाताना गवंड्याने माझ्याखाली एक नवी काचपट्टी बसवली. दाराला आता सरकारी मोहर लागली आहे, तिच्याकडे बघायला कोणी येत नाही. आज सकाळी तीही फुटली. म्हणून सांगते, शाळेत जाताना या गल्लीतून आलात तर आमच्या भिंतीच्या बाजूने चालू नका. पलीकडून जा.