लिव्हरच्या पानावरच्या दोन रेघा

मुलांनो, एक वही डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? ही वही तुमच्या दप्तरात मावणार नाही एवढी मोठी आहे, दोन्ही हातांनी उघडावी लागते. पानावर उभे रकाने आखलेत. नाव, गाव, वय, आजार, व्यसन आणि शेवटी एक आकडा. त्या वहीत तुमच्या आईचं नाव आहे, आणि नावापुढे तिने जन्मात कधी न केलेली गोष्ट लिहिली आहे. दिसली वही? मग या, चिमीशेजारी उभे राहा. दवाखान्याच्या खिडकीशी ती टाचा उंचावून उभी आहे.

साल दोन हजार तीन. दवाखाना मुरबाडचा. चिमी वैशाखरे गावची, यंदा पाचवीत. तिची आई काशी मागे बाकावर बसली होती. हात काडीसारखे झालेले आणि पोट मात्र पाण्याने टम्म फुगलेलं. महिन्यापूर्वी तिला रक्ताची उलटी झाली, तेव्हा तिला इथेच आठ दिवस ठेवलं होतं. दाखल करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एक कावीळ अशी असते, की ती रक्तात वर्षानुवर्षं दडून राहते आणि लिव्हर सुकवते. ती आईकडून मुलांनाही होऊ शकते. हिचं रक्त तपासू, मग मुलांचंही."

पण तपासणी झालीच नाही. बाई रजेवर गेल्या, काशी घरी आली. आज परत दाखवायला आणलं तर नव्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, "दारू बंद करा. मीठ कमी करा." लगेच पुढच्याला हाक मारली.

काशीने दारूला कधी हातसुद्धा लावला नव्हता. आणि चिमीला आठवत होतं ते बाईंचं बोलणं. घरी धाकटा कमळू होता, अडीच वर्षांचा.

"जाऊ दे चिमे," तिचे बाबा, साईनाथ, हळूच म्हणाले. "एसटी चुकंल."

"दुसरी येईल. कार्डावर खोटं हाय बाबा. दारू लिवलीय तवर आईचं रक्त कोण तपासणार? आन कमळूचं?"

खिडकीच्या आत सतीश कारकून बसला होता. प्रत्येक आजाराला एक ठरलेला आकडा असतो, तो वहीत आणि कार्डावर चढवायचं काम त्याचं. दारूने लिव्हर सुकलं तर के सत्तर, काविळीने सुकलं तर वेगळा आकडा. पोटातलं पाणी, रक्ताची उलटी, यांचेही आपापले आकडे. पुढचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाकडे बघण्याआधी तो आकडा वाचतो.

"माझी आई दारू पीत नाय," चिमी म्हणाली.

"सगळे हेच सांगतात. चोरून पीत असंल, तुला काय ठाव?"

"आमचं घर एका खोलीचं हाय. चोरून प्यायला जागाच नाय."

बाकावरची माणसं हसली. सतीशचे कान लाल झाले. "जास्त बोलते गो तू! हे बघ, वहीतच आहे," म्हणत त्याने ती वही फिरवून तिच्यापुढे सरकवली.

चिमीने पान वाचलं. वर लिहिलं होतं, लिव्हर. पहिलं नाव मंगळ्या, त्याच्या व्यसनाच्या रकान्यात 'दारू, रोज'. त्याच्याखाली दोन छोट्या रेघा. त्याच्याखाली पुन्हा दोन रेघा. चौथं नाव काशी, तिच्यापुढेही त्याच. वरच्यासारखंच खाली, असं सांगणाऱ्या त्या रेघा शाळेच्या हजेरीत गुरुजीही द्यायचे, पण गावाच्या नावाखाली.

"भाऊ, तुमी आईला विचारलं होतं का?"

"काय?"

"दारू पिते का, ते. का नुसत्या रेघा ओढल्या?"

सतीशने पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाला, "लिव्हरवाले सगळे तेच असतात. रोज किती कागद असतात, तुला कल्पना आहे? चल, हो बाजूला."

"नाय होणार. आईचा केसपेपर काढा. डॉक्टरीणबाईंनी त्यात लिवलं होतं, मी बघत होते."

"चिमे!" बाबा म्हणाले.

"काढा!" चिमीने खिडकीचे गज धरले. मागची रांग वाढली. कुणीतरी ओरडलं, "अहो, काढा ना एकदाचा, पोरगी काय हटत नाय!"

सतीशने कपाटातून गठ्ठा ओढला. तेवढ्यात गलका ऐकून डॉक्टरीणबाईच आल्या. त्या कालच रजेवरून परतल्या होत्या. केसपेपरवर त्यांचंच अक्षर होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "दारू कधीच नाही. पोटात पाणी, रक्ताची उलटी. 'बी' प्रकारच्या काविळीची तपासणी करणे." मग सतीशकडे पाहिलं. "ही तपासणी का नाही झाली?"

"मॅडम, कारण दारू म्हटल्यावर..."

"कुणी म्हटलं?"

सतीशने वही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी काशीच्या ओळीतल्या रेघा खोडल्या, 'नाही' लिहिलं, सही केली. आकडाही खोडला. "रिपोर्ट आल्यावर खरा आकडा घालू. पोटातलं पाणी आणि रक्ताची उलटी, हे राहिलेले दोन आकडेही तेव्हाच." रक्त तपासायची चिठ्ठी काशीच्या हातात दिली. "उद्या सकाळी मुलांनाही घेऊन या. ज्यांच्या रक्तात काही नसेल त्यांना सुया देऊ, म्हणजे पुढेही होणार नाही."

साईनाथने चिठ्ठी खिशात ठेवली आणि काशीला उठवलं. "चल गो चिमे, झालं तुझं काम."

"झालं ना? आता जा," सतीशही म्हणाला आणि वही मिटायला लागला.

चिमीने गजांतून हात घालून पानावर ठेवला. आईच्या नावाखाली आणखी चार नावं होती, आणि प्रत्येकापुढे दोन रेघा. तिने त्यातलं पहिलं नाव, गाव आणि वय वाचलं, मान वळवली आणि बाकांकडे बघून खणखणीत आवाजात हाक मारली, "ठकी, टोकावडे! कोण हाय? आजी, तुमी दारू पिता का?"

कोपऱ्यातली एक म्हातारी दचकून उठली. "मी? कोण म्हणतं असं?"

चिमी तिच्याकडे धावत गेली, तिचा हात धरला आणि तिला खिडकीशी घेऊन आली.