सव्वीस वर्षांची सर्दी

मित्रांनो, एका घरात माझ्याबद्दल सव्वीस वर्षं एक खोटी गोष्ट सांगितली गेली, आणि मला ती खोडता आली नाही. मी त्या घरातली जुनी ॲल्युमिनियमची किटली. चोच आहे, झाकण आहे, पण बोलता येत नाही. आज मात्र तुम्हाला सगळं सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून माझं पोट घडवलं, मग चोच जोडली, शेवटी काळी मूठ बसवली. चोच जोडणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, हिची धार बाहेर सांडायची नाही. त्याचा शब्द मी आजवर राखला आहे. दुकानात महिनाभर धूळ खाल्ल्यावर एक बाई आल्या. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं, झाकण लावून वाकवून पाहिलं, आणि घरी नेलं. घरात सगळे त्यांना आई म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात आईच म्हणू लागले.

घरात चौघं होती. वडील एका गोदामात मुकादम होते. बोलणं कमी, हात उगारणं जास्त. थोरल्या मुलाला सगळे दादा म्हणत. त्याच्या पाठची मुलगी ती धाकटी. तिला शाळेत काहीतरी नाव असणारच, पण घरात ती कायम धाकटीच राहिली. सुरुवातीची वर्षं माझी चैनीत गेली. पाहुणे आले की मला राखेने घासून लखलखीत करत. शेजारणी मला मागून नेत आणि परत देताना कौतुक करत. मी वरच्या फळीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर असे.

धाकटी अकरा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. दादा पंधराचा. तो आठवडाभर शाळेला दांडी मारून भटकत होता. ते तिला कळलं होतं. दुपारी आई बाहेर कपडे वाळत घालत होती आणि ही दोघं स्वयंपाकघरात होती. दादा तिला बजावत होता की बाबांनी विचारलं तर मी शाळेत दिसलो होतो असं सांग. ती म्हणाली, मी खोटं नाही सांगणार. त्याने दोनदा विनवलं, एकदा दरडावलं. मग ओट्यावर ठेवलेली मी त्याच्या हाताला लागले आणि त्याने मला फेकलं.

मी रिकामी होते हे त्यातल्या त्यात नशीब. माझ्या तळाची कड तिच्या नाकावर बाजूने बसली. 'कट्' असा बारीक आवाज झाला. तो मी अजून विसरले नाही. मग फरशीवर रक्तच रक्त.

आई धावत आली. तिने पोरीचं डोकं धरलं, ओलं फडकं नाकावर दाबलं, रक्त थांबेपर्यंत हलली नाही. त्यानंतर तिने दादाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बाहेरच्या दाराकडे बघत होता. मग आई पोरीच्या कानाशी वाकून म्हणाली, "किटली पडली म्हण. फळीवरून."

संध्याकाळी वडील आले. त्यांनी सुजलेलं तोंड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भांडी नीट ठेवत जा एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मला खालच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलं. चोराला सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, कारण डॉक्टर प्रश्न विचारतात. दोन आठवड्यांत सूज उतरली, निळेपणा गेला. बाहेरून नाक किंचित कललेलं दिसे. आतलं कुणी पाहिलं नाही.

त्या वर्षापासून धाकटीला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. एक नाकपुडी कायम बंद, दुसरी हवामान बघून उघडणारी. रोज सकाळी माझ्यात पाणी उकळायचं आणि ती डोक्यावर टॉवेल घेऊन माझ्यासमोर वाफ घेत बसायची. जिच्यामुळे नाक गेलं तिच्याकडेच औषधाला यायचं! पण तिने माझा कधी राग केला नाही. चेहरा इतका जवळ आणायची की तिचे मिटलेले डोळे मला रोज दिसत. शाळेत तिला नाकातली म्हणत. ती बोलली की पोरं नाक दाबून तिची नक्कल करत. घरीही हसत. दादाही हसे.

वडील गेले. दादा नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, वहिनी घरात आली. धाकटी एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जाऊ लागली. दाभणाने घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे शिवायचे, पुस्तकाच्या पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. हात सुरेख होता तिचा. पण वाकून शिवता शिवता डोळ्यांच्या मागे दुखायला लागे, गालाची हाडं ठणकत, आणि वर कागदाची धूळ. वर्षातून चार-पाच वेळा पिवळा शेंबूड, ताप आणि गोळ्या. वास तर केव्हाच गेला होता. तिला भाजी करपलेली धुरावरून कळे.

एकदा खळ नासली होती. हिला वास आला नाही. तिने दोनशे पुस्तकं त्याच खळीने बांधली आणि आठवड्यात सगळ्यांच्या पाठीला बुरशी आली. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, नाक काय शोभेला ठेवलंय का? त्या दिवशी ती घरी आली आणि वाफ न घेता तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

तिकडे मी नव्हते. पण परत आल्यावर तिने वहिनीला सगळं सांगितलं ते मी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी आतून काढलेला फोटो उजेडावर लावून दाखवला होता. नाकाच्या मधला पडदा नागमोडी वाकलेला, एका बाजूला पार भिंतीला टेकलेला, आणि गालाच्या नि कपाळाच्या पोकळ्या घट्ट भरलेल्या. औषधाने सूज कमी होईल, पडदा सरळ होणार नाही. ऑपरेशन करायचं की असंच ओढायचं हे तुम्ही ठरवा, घाई नाही. शेवटी त्या म्हणाल्या होत्या की लहानपणी मार लागल्या लागल्या आणलं असतं तर काही मिनिटांत हाड जागेवर बसलं असतं. वहिनी कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

मग महिनाभर घरात खल झाला. दादा म्हणे, सर्दीने कोणी मेलंय का आजपर्यंत? त्याच्या ऑफिसातल्या एकाने केलं होतं, नाकातून पट्ट्या काढताना म्हणे ब्रह्मांड आठवलं, आणि दोन वर्षांत पुन्हा जैसे थे. आई म्हणे, चेहऱ्याला काही झालं तर? धाकटी भित्री होती असं नाही, पण तीही घाबरली. रोज सकाळी माझ्यासमोर बसून ती स्वतःशीच हो-नाही करायची. शेवटी वहिनीच म्हणाली, "ताई, मी या घरात आल्यापासून तुम्हाला तोंड मिटून झोपलेलं पाहिलं नाही. आणखी किती वर्षं हे बघायचं?" दुसऱ्या दिवशी धाकटीने तारीख घेतली.

हॉस्पिटलात गरम पाणी लागतं म्हणून वहिनीने मलाही पिशवीत घातलं. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. सकाळची वेळ होती. धाकटी हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती, आई उशाशी, दादा पायथ्याशी फाइल धरून उभा. एक तरुण डॉक्टर कागद भरायला आले. आधीचे आजार, औषधं, ॲलर्जी विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, नाकाला पूर्वी मार लागला होता का?

आई लगेच म्हणाली की लहानपणी किटली पडली होती, फळीवरून.

"पडली नव्हती," धाकटी म्हणाली. "फेकली होती. माझ्या भावाने."

डॉक्टरांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि लिहिलं. दादाच्या हातातल्या फाइलमधून एक कागद घसरून जमिनीवर पडला. तो कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने तिला आत नेलं.

दोन-अडीच तास मी बाकड्यावर पिशवीत होते. आई म्हणत होती, ऑपरेशनच्या तोंडावर हे उकरून काढायची काय गरज होती? परक्या माणसासमोर घराचं नाक कापलं. दादा म्हणाला, मला तर असलं काही आठवतच नाही. मित्रांनो, मी एवढंच सांगेन की सव्वीस वर्षांत दादाने माझी मूठ एकदाही धरली नाही. बायको माहेरी गेली, आई आजारी पडली, तरी तो चहा पातेल्यातूनच ओतून घ्यायचा.

घरी आल्यावरचे दिवस वाईट होते. नाकात दोन्हीकडे पट्ट्या बसवलेल्या, नाकाखाली गॉजची घडी बांधलेली. ती तासातासाला लाल व्हायची. सगळा श्वास तोंडाने. जीभ लाकडासारखी कोरडी, ओठांना भेगा. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या डुलकी काढायची. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. घास गिळताना कानांना दडे बसायचे. वाफ बंद होती, रक्त येईल म्हणून. माझ्याकडे दुसरं काम आलं. वहिनी माझ्यात पाणी उकळायची, निववायची, मीठ घालायची आणि त्याने दिवसातून चार वेळा नाक धुवायचं. रक्ताच्या काळ्या गाठी आणि खपल्या बाहेर पडत. वहिनी तोंड वाकडं न करता वाटी धरी. आई मऊ भात करून दारात ठेवून जाई. आत येत नसे. दादा तर त्या खोलीकडे फिरकलाच नाही.

आठव्या दिवशी पट्ट्या काढल्या. त्या दिवशी ती दारातून आत आली ती तोंड मिटून. स्वयंपाकघरात उभी राहून तिने नाकाने एक श्वास घेतला, मग दुसरा. म्हणाली, हवा थंड असते हे मी विसरलेच होते. वहिनी डोळे पुसत होती.

त्याच संध्याकाळी दादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मनाशी जुळवाजुळव करून आणल्यासारखं दिसत होतं. म्हणाला, "मला खरंच आठवत नाही. तू म्हणतेस तर झालं असेल. लहान होतो आपण."

"तुला आठवायची गरजच पडली नाही, दादा," ती म्हणाली. "ते काम माझ्या नाकाकडे होतं."

तो वळून निघून गेला. मग आई बोलली. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "तुझ्या बाबांनी त्याचा हात मोडला असता. मला माहीत होतं. हातापेक्षा नाक बरं, असं वाटलं तेव्हा."

धाकटी तिच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "बाबा जाऊन चौदा वर्षं झाली. त्यानंतर कोण हात मोडणार होतं?"

आईने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

दीड महिन्याने धाकटीने कारखान्याजवळ एक खोली घेतली. कपडे, अंथरूण, दाभणं आणि मी, एवढाच संसार. दादाने अडवलं नाही. आई म्हणाली, नाक सरळ झालं आणि माणूस वाकडं झालं. नव्या खोलीत चौथ्या दिवशी तिला वास आला. कशाचा, तर मोरीचा. ती मोरीपाशी उकिडवी बसून हसली, आणि मग हसता हसता रडली. सगळे वास मात्र परतले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार वर्षं झाली, जेवढं आलं तेवढं आपलं.

तीन महिन्यांनी एका दुपारी आई आली. जिना चढून दमली होती. धाकटीने खुर्ची दिली, माझ्यात चहा केला. आईने खोलीभर नजर फिरवली. मग विचारलं, "श्वास येतो ना आता?"

"येतो."

"मग झालं तर." आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा येऊन त्याला म्हण, मनात काही नाही म्हणून. नीट जेवत नाही गं तो. वाळलाय."

धाकटीच्या हातात मी होते. तिने दोन्ही कप भरले, मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, मला वाटलं तू मला भेटायला आलीस."

आई चहा पिऊन गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, माझ्या पोटाला आता पोचे पडले आहेत, झाकण सैल झालं आहे. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. भांडं वितळवून नवं भांडं होतं. पण मुलांच्या हाडाला वेळ असते. ती टळली की पुढे कितीही चांगला डॉक्टर मिळाला तरी तो उरलेलंच दुरुस्त करतो. म्हणून मूल रक्ताळलेलं दिसलं तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या, आणि घराचं काय होईल ते नंतर बघा. दोन मुलांतलं एक वाचवायला दुसऱ्याला गप्प बसवू नका. गप्प बसलेलं मूल मोठं होतं, कामाला जातं, सगळ्यांशी नीट वागतं. आणि मग एक दिवस त्याच्या दारात आई येते, तेव्हा ते तिला खुर्ची देतं, चहा देतं, आणि त्यापलीकडे त्याच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं.