नऊ नंबरच्या ओळीतली खिडकी

सोलापूर आगारात अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी करून कुंडलिक आबा रिटायर झाले, तरी सकाळी तासभर स्टँडवर जाऊन आल्याशिवाय त्यांना करमत नसे. तिथं त्यांना मान होता, आणि तो सीटमुळं होता. कुठल्या गाडीला कुठली सीट धरावी, हे आबांइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नव्हतं. मागच्या चाकावरची सीट म्हणजे कमरेचं वाटोळं. दारालगतची म्हणजे कामती गाव येईपर्यंत तोंडात माती. सकाळच्या बार्शी गाडीला डावी बाजू धरायची, म्हणजे ऊन लागत नाही. आणि संध्याकाळी परत येतानाही डावीच धरायची. जाताना डावी आणि येतानाही डावी, हे काहीजणांच्या डोक्यात शिरत नसे. मग आबा धुळीत काडीनं रस्ता आणि सूर्य काढून दाखवत, आणि माणूस मुकाट डावीकडं जाऊन बसे.

एवढ्या जाणत्या माणसाच्या बायकोला मात्र गाडी लागायची. बजाबाईचं माहेर बार्शीचं. निम्म्या वाटेतलं वैराग गाव यायच्या आत तिचं डोकं खिडकीबाहेर गेलेलं असायचं. आबांनी तिला पुढं बसवून पाहिलं, मधे बसवून पाहिलं, लिंबू दिलं, आवळासुपारी दिली. काही उपयोग झाला नाही. माहेरी पोचेपर्यंत ती अर्धी व्हायची. शेवटी शेवटी तिनं माहेरच्या लग्नांना जाणंच कमी केलं होतं.

अशात सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात भीमाचं पत्र आलं. भीमा त्यांचा एकुलता एक मुलगा. सोलापुरातच डॉक्टर झाला आणि विलायतेला गेला तो मँचेस्टरच्या दवाखान्यात चिकटला. त्याला मुलगी झाली होती. नातीला बघायला या, दोघांची विमानाची तिकिटं काढतोय, असं त्यानं लिहिलं होतं. आबांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. बजाबाईनं डोळे पुसले आणि किती तास लागतात ते विचारलं. आबांनी दहा सांगितलं.

"दहा तास म्हंजी मी तितं पोचायची न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी एकटंच जावा. पोरीचा फोटू घेऊन या."

"असं कसं? समदं सीटवर असतंय बघ. सीट मी बघतो की."

त्या दिवसापासून आबा कामाला लागले. शेजारी सिद्धलिंगप्पा गुरुजी राहत. हायस्कुलात भूगोल शिकवत आणि इंग्रजी पत्र बरं लिहीत. आबांनी त्यांच्याकडून विमान कंपनीला पत्र धाडलं की आम्ही अमुक तारखेचे प्रवासी, बायकोला गाडी लागते, सबब आसनांचा नकाशा पाठवावा. तीन आठवडे गेले. गुरुजींनी आशा सोडली होती. पण एके दिवशी खरोखरच गुळगुळीत कागदाचं पाकीट आलं. त्यात विमानाचं वरून काढलेलं चित्र होतं, मधे वाट, डावीकडं तीन सीटा, उजवीकडं तीन सीटा, आणि प्रत्येक सीटला अक्षर.

आबांनी ते चित्र पुढच्या खोलीत खिळ्यांनी ठोकलं. बघायला गल्ली लोटली. कोपऱ्यावरचा दुकानदार गुरप्पा, ज्याचा भाचा कुवेतला जाऊन आला होता, त्यानं अगदी मागची ओळ धरा असा सल्ला दिला. विमान पडतं ते तोंडावर पडतं, मागच्याला वेळ मिळतो, असं भाच्यानं त्याला सांगितलं होतं.

"पडल्यावर मागचं काय झाडाला अडकून राहतंय व्हय?" बजाबाईनं आतून विचारलं. गुरप्पा लवकरच निघून गेला.

मग उन्हाचा प्रश्न आला. आबांना आधी ऊन सोडवल्याशिवाय सीट धरता येत नव्हती. गुरुजींनी शाळेतून पृथ्वीचा गोल आणला आणि दोघे अंगणात उन्हातच बसले. विमान साडेदहाला मुंबई सोडणार, पश्चिमेला नि थोडं उत्तरेला पळणार. गुरुजी बोट फिरवत म्हणाले की सूर्य बराच वेळ पाठीमागं राहील, आणि सूर्य जिकडं सरकतो तिकडंच विमानही पळत असल्यामुळं दुपार लवकर सरणारच नाही. इथून साडेदहाला निघालेला माणूस दहा तासांनी तिथं उतरतो तेव्हा तिथं दुपारचे जेमतेम चार वाजलेले असतात. हे आबांना काही केल्या पटेना. दहा तास गाडी चालते आणि दिवस तिथल्या तिथं राहतो, असं टाइमटेबल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भर उन्हात दोघांचा वाद एवढा रंगला की गुरुजींना घेरी आली आणि बजाबाईला त्यांच्यासाठी ताक आणावं लागलं. पण शेवटी एक नक्की झालं. ऊन आलं तर मागून नाहीतर डावीकडून येणार. म्हणजे बाजू उजवी.

राहिली ओळ. त्यासाठी आबा चित्राची नक्कल घेऊन धोंडीराम ड्रायव्हरकडं गेले. बारा वर्षं दोघांनी मंगळवेढ्याची गाडी जोडीनं चालवली होती. धोंडीरामानं कागद उलटासुलटा करून मागचं चाक कुठं आहे तेवढं विचारलं. पंखाखाली, असं कळल्यावर त्यानं पंखाच्या पुढं चार ओळी सोडून बोट टेकवलं. ती नऊ नंबरची ओळ निघाली. नऊ नंबर, उजवी बाजू, खिडकीची एफ आणि तिच्या शेजारची ई. आबांनी पेन्सिलीनं दोन चौकटी भरल्या. त्यांचं समाधान झालं होतं.

पुढचे पंधरा दिवस आबांनी अंगणात तीन खुर्च्या ओळीनं मांडून बजाबाईला खिडकीच्या जागी बसायची सवय लावली. रोज एक तास. ती नऊ एफमधे बसून ज्वारी निवडायची, नऊ ईमधे सूप ठेवायची. एकदा आबांनी मागून खुर्ची हलवून बघितली, तेव्हा सूप सांडलं आणि तालीम त्या दिवसापुरती बंद पडली.

निघायच्या दिवशी बजाबाईनं पदरात सात लिंबं बांधली. मुंबईत ओळखीच्यांकडं मुक्काम करून आबा तिला घेऊन पहाटे पाच वाजता विमानतळावर हजर झाले, कारण सीटा तिथं खिडकीवर मिळणार होत्या आणि रांगेत पहिला नंबर लावायचा होता. खिडकी उघडायला अजून अडीच तास होते. आबा बंद खिडकीसमोर ट्रंकेवर बसून राहिले. उघडली तेव्हा आतल्या मुलीनं सिगारेटवाल्यांकडं बसणार की बिनसिगारेटवाल्यांकडं, असं हिंदीत विचारलं. आबांनी कागद पुढं सरकवला आणि आपल्या हिंदीत नऊ नंबर, उजवा हात, एफ आणि ई, असं एका दमात सांगितलं. तिनं हसून पूर्वी किती वेळा प्रवास केलाय, असं विचारलं. एकदाही नाही, आबा म्हणाले, पण मी या लाईनीतलाच आहे. तिनं त्याच सीटा दिल्या. वर सांगितलं की तिसरी सीट सध्या रिकामी आहे.

विमानात शिरल्यावर आबांनी आधी जागेची पाहणी केली. पंख चार ओळी मागं. ऊन नाही. दार लांब. बजाबाईला खिडकीशी बसवून त्यांनी पट्टा बांधून दिला, तिच्या हातात लिंबू दिलं, समोरच्या कप्प्यातली कागदी पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः मधे बसले. विमान पळालं आणि उचललं. बजाबाईनं डोळे गच्च मिटले. वैराग यायची वाट बघावी तशी ती वाट बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तिनं एक डोळा उघडला. खाली समुद्र होता, आणि त्याच्यावर एक जहाज नखाएवढं दिसत होतं. तिनं दुसराही डोळा उघडला. पोटात काहीच होत नव्हतं.

हे सांगावं म्हणून ती वळली, तर आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता आणि नजर समोरच्या सीटच्या पाठीवर खिळली होती.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. जरा गुदमारल्यावानी होतंय."

बजाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. हे तोंड तिला चांगलं ओळखीचं होतं. असंच आपलं तोंड तिनं इतकी वर्षं गाडीच्या काचेत बघितलं होतं. तिनं मांडीवरची पिशवी त्यांच्या हातात दिली, आणि ती वेळेवरच दिली.

तोंड पुसून झाल्यावर आबा म्हणाले की हे अशक्य आहे. सीट बरोबर होती, बाजू बरोबर होती, चाक मागं होतं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं.

"तुमी बसलाय कवा गाडीत?" बजाबाई म्हणाली.

आबा विचार करू लागले. कंडक्टरच्या सीटवर त्यांची तिकिटांची पेटी असायची, नाहीतर एखादी लेकुरवाळी. ते उभे असायचे. सुट्टीवर करकंबला मावशीकडं जातानासुद्धा ते ड्रायव्हरशेजारी दांडी धरून गप्पा मारत उभे राहायचे. परवा मुंबईला येतानाही ते सबंध वाट उभेच होते. आठवून आठवून त्यांना एकच प्रवास सापडला, तो लग्नातल्या बैलगाडीचा, आणि त्यातही ते निम्म्या वाटेत उतरून चालले होते. चालत्या गाडीत सीटवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या पिशवीनंतर त्यांनी पट्टा सोडला आणि ते वाटेत उभे राहिले. दोन्ही पाय फाकवून, कंबर सीटच्या कडेला टेकवून. तीन मिनिटांत तोंडावर रंग आला. हवाईसुंदरी धावत आली आणि बसायला सांगू लागली. ती दादरची निघाली, त्यामुळं आबांना सगळं मराठीत सांगता आलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पट्ट्याचा दिवा लागला की बसायचं, एवढ्या अटीवर तिनं त्यांना अगदी पुढं स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहायला परवानगी दिली.

तिथून सबंध विमान दिसत होतं. आबांना एकदम मोकळं वाटलं. सवयीनं त्यांनी डोकी मोजली, मग एकेक चेहरा वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळानं ते त्या मुलीला हळूच म्हणाले, "एकविसाव्या वळीतला चष्म्यावाला. दोन मिन्टांत हुतंय बघ."

तिला काही दिसत नव्हतं. चष्मेवाला चांगला पेपर वाचत होता. पण म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून ती पिशवी घेऊन गेली, आणि ती तिथं पोचायला अन् त्यानं पेपर खाली टाकायला गाठ पडली. परत आली तेव्हा तिची आबांकडं बघायची नजर बदलली होती. आबांनी तिला समजावून सांगितलं की माणूस आधी गप्प होतो, मग आवंढे गिळतो, मग कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडतात. पाळ्या पांढऱ्या झाल्यावर वेळ घालवायचा नाही. पुढच्या सहा तासांत त्यांनी अकरा जण सांगितले. दहा खरे निघाले. अकरावा माणूस नुसताच घरच्या आठवणीनं रडत होता. दुसऱ्या हवाईसुंदऱ्याही येऊन विचारून जाऊ लागल्या. त्यांनी आबांना काचेच्या पेल्यात चहा दिला, तो त्यांनी उभ्यानं, थेंब न सांडता घेतला.

मधे एकदा ते बायकोला बघायला मागं आले. बजाबाईनं सीटांमधले टेकायचे दांडे वर उचलून ठेवले होते. गुडघे पोटाशी घेऊन, लुगडं नीटनेटकं करून ती तिन्ही सीटांवर आडवी झाली होती आणि मंद घोरत होती. आबांनी तिच्या अंगावर घोंगडी सारखी केली. चाकाचा काही त्रास होत नाही ना, हे जाणून घ्यायची त्यांना फार इच्छा होती, पण त्यांनी तिला उठवलं नाही.

विमान उतरू लागलं तसा दिवा लागला. आबांना सीटवर यावंच लागलं. बजाबाई उठून बसली होती. तिनं पट्टा आता स्वतः बांधला होता, आणि त्यांचाही बांधला. मग लिंबू चिरून त्यांच्या नाकाशी धरलं आणि दुसरा हात पाठीवरून फिरवत राहिली.

"लांब बघा," ती म्हणाली. "जवळ बघितलं की जास्ती होतंय."

आबांनी लांब बघितलं. बार्शीच्या गाडीत ती खिडकीबाहेर वाकलेली असायची तेव्हा आपण पुढच्या बाकापाशी उभं राहून तिकिटं फाडत असायचो, हे त्यांना आठवलं. पाठीवर हात ठेवायला तेव्हा सवड झाली नव्हती. असं ते बोलले मात्र नाहीत, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

बाहेर भीमा उभा होता. त्यानं पहिल्यांदा आईला धरलं, कारण तीच आजारी उतरणार हे ठरलेलं होतं. बजाबाईनं त्याचा हात आबांकडं वळवला. भीमाला वाटलं आई थट्टा करतेय. मग त्यानं वडिलांची नाडी बघितली आणि दोन्ही ट्रंका स्वतः उचलल्या.

विमानतळापासून मँचेस्टर मोटारीनं आणखी चार तास होतं. आबांनी गाडी सगळीकडून पाहिली. ठेंगणी, लाल गाडी होती. कुठली सीट चांगली, असं भीमानं विचारलं, तर आबा म्हणाले की आईला विचार. बजाबाईनं त्यांना पुढं बसवलं, काच खाली करायला लावली, आणि आपण मागं बसून दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. वाटेत तीनदा थांबावं लागलं. दर वेळी ती आधी उतरायची, येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना दिसू नये म्हणून शाल पसरून रस्त्याकडं पाठ करून उभी राहायची. तिसऱ्या थांब्याला भीमा घड्याळात बघायला लागला. घरी सून वाट बघत होती, आणि नात झोपायच्या आत पोचावं असं त्याच्या मनात होतं.

"दमानं घे," बजाबाई त्याला म्हणाली. "त्येंना पयल्यांदाच लागलीय."