तळ्यावरचे लंगोट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलंय, तिथे रबर लावलंय. पण ऐकायला अजून पक्का आहे.

माझा जन्म जपानातल्या कारखान्यात झाला म्हणे. मला आठवतं ते हनोईचं जुन्या मालाचं दुकान. तिथून मला दिएपने उचललं. ती विद्यापीठात शिकायची. लढाईत आणि लढाईनंतर सैनिकांच्या लेखी 'मर्द' म्हणजे काय, हा तिचा विषय. दुकानदार खो-खो हसला. म्हणाला, "माझ्या बायकोला विचार पोरी. ती सांगेल, असला प्राणीच नसतो!"

मग सायकलच्या टोपलीत बसून मी थायबिन्ह प्रांतातली गावं फिरलो. मला भलतीच उत्सुकता. एक म्हातारा म्हणाला, मर्द म्हणजे जो तीन वाट्या दारू पिऊन सरळ चालतो. दुसरा म्हणाला, जो रडत नाही तो. तिसऱ्याने हुक्का ओढला, धूर सोडला आणि म्हणाला, "जो परत आला नाही तो." मी सगळं टेप केलं. डोक्यात नुसता गोंधळ झाला.

मग आम्ही लामकाकांच्या अंगणात, तळ्याकाठी बसलो. शेजारचे खोआतकाका पण आले. दोघं एकाच तुकडीतले. घरात लामकाकांची पोरगी म्येन, बारा दिवसांची बाळंतीण. नवरा दूर दक्षिणेत कामाला, आई तीन वर्षांपूर्वी गेलेली. आमच्याकडे बाळंतिणीने महिनाभर गार पाण्यात हात घालायचा नसतो. लंगोट धुणारी शेजारीण दोन दिवस भातलावणीला गेली होती. दाराशी टोपली भरून वाहत होती. वास सगळ्यांना येत होता, बोलत कुणी नव्हतं.

दिएपने विचारलं, "काका, जंगलात कपडे कोण धुवायचं?"

"कोण म्हणजे? आम्हीच!" खोआतकाका म्हणाले. "तिथे काय आमची आई येणार होती? आणि हे लाम तर शिवायचे पण. अख्ख्या तुकडीची ठिगळं यांनी लावलीत."

"मग घरी आल्यावर?"

लामकाकांनी हुक्का ओढला. माझ्या टेपवर नुसती हुक्क्याची गुडगुड आहे. मग ते बोलले.

"आल्यावर चौथ्या दिवशी बायकोचे कपडे घेऊन तळ्यावर बसलो. पलीकडून गावातली ही सगळी मंडळी ओरडली, लढाईवर बाप्या गेला आन् परत बाई आली! तेव्हापासून पाण्याला हात लावला नाही."

"अहो, चेष्टा होती ती!" खोआतकाका म्हणाले.

"हो. चेष्टाच."

तेवढ्यात म्येन बाहेर आली. टोपली उचलल्याचा आवाज झाला.

"पोरी, पाण्यात जाऊ नकोस."

"मग कोण जाणार, बाबा? एक कोरडा लंगोट नाहीये घरात. आई तापाने फणफणली होती, तेव्हा पण तुम्ही इथेच बसला होतात. बसा. तुमचं मर्दांचं चालू द्या."

तिची पावलं तळ्याच्या पायऱ्यांकडे निघाली. बाकडं करकरलं. आणि मग लामकाकांचे शब्द, एकदम दबके. "दे इकडे." टोपली ओढल्याचा आवाज. थोड्या वेळाने पाणी. फट. फट.

"अहो लाम! काय हे? लोक बघतायत!"

"ए खोआत! मलेरियात नऊ दिवस तुझी घाण चड्डी कोणी धुतली रे? तेव्हा नव्हते का लोक?"

लढाईनंतर तीस वर्षं हे दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते. गावात तशी रीतच आहे. तो 'रे' जंगलातला होता. मी पहिल्यांदाच ऐकला.

पुन्हा बाकडं करकरलं, खोआतकाका उठले. मग चप्पल काढल्याचा आवाज, आणि मग, "साबण तर लाव, गाढवा. नुसतं आपटतोयस."

 म्येन बाळाला घेऊन दारातच बसली असणार, कारण बाळाची कुरकुर आत गेली नाही.

दिएप मला बंद करायला विसरली. की मुद्दामच केलं नाही, कोण जाणे.

आता मी विद्यापीठाच्या कपाटात पडून असतो. कधीतरी पोरं येतात, ती कॅसेट लावतात. तळ्यापर्यंत आली की म्हणतात, "इथे काही नाही, नुसतं पाणी आहे," आणि टेप पुढे पळवतात. माझं टाळकंच सरकतं! अरे, तीन महिने सगळी गावं पालथी घालून ती पोरगी जे विचारत होती, ते तिथेच तर आहे!

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माणूस बोलता बोलता उठून कामाला लागला, तर मला पुढे पळवू नका. तळ्यावर चौदा लंगोट आहेत. मी मोजलेत. सगळे धुऊन होईपर्यंत ऐका.