मी चार बोटे उंच झाले तेव्हा

मित्रांनो, माझ्या गंजक्या पत्र्याला हसू नका. मी एक जुनी जीप आहे. लष्कराने लिलावात काढलेली आणि फिरत फिरत रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आत्मारामच्या अंगणात येऊन ठेपलेली. आत्मारामने मला हिरवा रंग दिला, बॉनेटला हळदकुंकू लावले आणि आंब्याच्या पेट्या वाहायला जुंपले. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, बागेपर्यंत जाणारी दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळे माझा तोरा विचारू नका!

पण तो रस्ता! रस्ता कसला, नुसता कातळ. बागेच्या वाटेवर एक कोरडा पऱ्या, म्हणजे ओढा, लागे. त्यात उतरायचे आणि पलीकडे चढायचे. तिथले दगड माझे पोट खरवडून काढत. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये एका दगडाने इंजिनाखालचे तेलाचे भांडे फोडले आणि ऐन हंगामात मी आठ दिवस अंगणात बसले. झाडावरचा आंबा माझ्यासाठी थोडाच थांबणार होता?

"हिला वर उचलूया," बाबल्या मेस्त्री म्हणाला.

चाकांवर माझे धूड तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. बाबल्याने चारही चाकांकडे दोन-दोन पाटे वाढवायचे ठरवले. वाडीत मोठा जॅक कुठला? आमच्याकडे आधार द्यायचा तो जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा. त्याने माझ्या अ‍ॅक्सलखाली, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यांखाली, चिरे रचले, वाशाची तरफ करून चौघांनी माझा सांगाडा वर घेतला आणि दोन दिवसांत मी चार बोटे उंच झाले. आत्मारामची बायको सगुणा चहा घेऊन आली ती खाली वाकून बघतच राहिली.

"अवो, ही रबराची नळी बघा. दाव्याला ताण देऊन उभ्या ऱ्हायलेल्या बकरीसारी दिसता."

ती सांगाड्यापासून चाकांपर्यंत ब्रेकचे तेल नेणारी नळी होती. सांगाडा वर गेला, अ‍ॅक्सल खालीच राहिला आणि नळी तेवढीच होती. अ‍ॅक्सल चिऱ्यांवर टेकलेला होता तोवर ती जेमतेम पुरत होती. चाक खड्ड्यावर लोंबकळले तर काय होईल, हे कुणी तपासलेच नाही.

"वयनी, तुमी च्या द्या. गाडीतला आमी बघतंव," बाबल्या हसला. आत्मारामही हसला. खरे सांगते, तो ताण मला जाणवत होता. पण नव्या उंचीने माझे डोके इतके फिरले होते की मलाही ते हसणे गोड वाटले.

पाचव्या दिवशी बागेतून चौदा पेट्या भरून निघालो. आत्माराम स्टीअरिंगवर, सगुणा मागे त्याच्या पाठीला पाठ लावून, पेट्या सांभाळत. पऱ्यातला एकही दगड मला शिवला नाही. "बघ गो, कशी चालली!" आत्माराम ओरडला. आम्ही पलीकडचा चढ चढू लागलो आणि माझे मागचे चाक एका खड्ड्यावर लोंबकळले.

खट्!

मी सुन्न झाले. नळी तुटली होती. ब्रेकचे तेल कातळावर सांडत होते. धक्क्याने इंजिन बंद पडले. आत्मारामने ब्रेक दाबला, तो थेट तळाला टेकला. घाबरून त्याने क्लचही दाबला, त्यामुळे गिअरचा उरलासुरला धरही सुटला. हँडब्रेकची तार तर आदल्या वर्षीच तुटलेली. मी मागे घरंगळू लागले, आणि मागे वळणावर रस्त्याची कड ढासळलेली, खाली वीस हात खोल दरी!

"सगुणा, उडी मार!"

तिने उडी मारली नाही. तिने पाय पेट्यांना लावले आणि जीव खाऊन लोटल्या. मागची फळी उघडीच होती. पहिली पेटी पडली, माझ्या चाकाखाली फुटली. दुसरी फुटली. तिसरी, चौथी. ज्या पेट्या मी लेकराप्रमाणे जपून नेत असे, त्या मी स्वतः चिरडत होते, आणि मला थांबता येत नव्हते. सहावी पेटी चाकाखाली अडकली आणि मी थांबले. कड हातभर उरली होती.

कातळावरून रस ओघळत होता. आत्मारामचे हात स्टीअरिंगवरून सुटत नव्हते.

"तू सांगितलास," तो कसाबसा म्हणाला, "नि मी हसलो."

"आदी खाली उतरा," सगुणा म्हणाली. मग तीच मटकन खाली बसली आणि रडू लागली.

बाबल्याने लांब नळी आणून बसवली. या वेळी त्याने सांगाड्याला आधार देऊन माझी चाके लोंबकळू दिली, नळी पुरते की नाही ते पाहिले आणि मग सगुणालाही पाहायला बोलावले. त्यानंतर कितीतरी वर्षे ती खाली वाकून बघितल्याशिवाय आत्मारामने कधी चावी फिरवली नाही.

मित्रांनो, कुणाला उंच करायचे तर खुशाल करा. पण त्याच्या खाली काय ताणले जाते तेही बघा, आणि वाकून बघणाऱ्याला हसू नका. मी आता फणसाखाली उभी आहे, चाकेसुद्धा उरली नाहीत. तरी अंगण झाडताना सगुणा थांबते, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकते आणि माझ्या पोटाखाली एकदा बघून घेते.