डाव्या कुशीवर

दादाच्या पँटची कंबर मास्तरांनी एका वर्षात तीनदा आत घेतली होती. आधी दीड इंच, मग एक, मग पुन्हा दीड. मास्तर म्हणजे बाजारामागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानाला लागून शिलाईचं दुकान असलेले शिंपी. वय एक्कावन्न, हात हलका आणि जीभ त्याहून हलकी. दादा त्यांचा सख्खा मोठा भाऊ. तिसऱ्या वेळी आरशासमोर उभ्या असलेल्या दादाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले होते, "काय रे, पुन्हा बोहल्यावर चढतोस की काय?" दादा नुसता हसला होता. मास्तरांना तर त्या दिवशी त्याचा थोडा हेवाच वाटला होता. स्वतःच्या पोटाकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला होता.

चौथ्यांदा आत घ्यायची वेळ आलीच नाही. मोठ्या आतड्यातली गाठ सापडली तेव्हा रोग यकृतापर्यंत पोचला होता. पाच महिन्यांत दादा गेला.

त्यानंतर वर्ष उलटलं असेल. एका शनिवारी दुपारी वहिनी दुकानात आल्या. त्या पोस्टात खिडकीवर बसायच्या, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की सरळ घरी जायच्या. आज त्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तपासणी करून घेतलीत का?"

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली नाही. "घ्यायचीय. शाळांचे गणवेश आलेत ना. ते एकदा हातावेगळे झाले की..."

"गणवेश दर वर्षी येतात."

"मला काहीच होत नाही हो वहिनी. भूक चांगली, झोप चांगली."

"त्यांनाही काही होत नव्हतं." वहिनींचा आवाज खाली आला. "तुम्ही पँट आत घेत होतात आणि मी ताटात वाढत होते. आपल्या दोघांच्या हाताखालून तो माणूस बारीक होत गेला आणि आपण त्याचं कौतुक करत बसलो. तुमच्या बाबतीत मी तसं बसणार नाही. सख्ख्या भावाला झालं म्हणजे तुम्हाला धोका जास्त. अशा घरातल्यांनी चाळिशीतच जायचं असतं, तुमची तर पन्नाशी उलटली."

त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढून कापडावर ठेवली. पुढचा गुरुवार, सकाळी नऊ. नाव नोंदवूनच आल्या होत्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "तो कॅमेरा म्हणे... खालून घालतात?"

"मग काय कानातून घालतील?" बायको म्हणाली आणि तिने बुधवारची यादी फळीवर चिकटवली. घन काही खायचं नाही. पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप, सफरचंदाचा रस. लाल रंगाचं काही प्यायचं नाही.

बुधवार उजाडला तो असा रिकामाच. सकाळी मास्तर दुकानात गेले खरे, पण अकराच्या सुमारास सगळं हळू चालायला लागलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते. एरवी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आज मास्तर बघत राहिले. एक तंतू वर गेला, थांबला, काहीतरी आठवल्यासारखा वळला आणि मशीनच्या चाकावर येऊन बसला. रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. निळ्या गणवेशाचा तागा त्यांनी टेबलावर उलगडला तर तो संपेचना, घडीतून घडी निघत राहिली. ते त्यावर हात फिरवत उभे राहिले. भूक लागली होती, पण ती आपली नसून शेजारच्या दुकानातल्या कुणाची तरी आहे असं वाटत होतं. दोन वाजता त्यांनी कात्री ठेवली. अशा हाताने कापड कापलं तर एखाद्या मुलाला तीन बाह्यांचा सदरा मिळायचा.

संध्याकाळी औषधाची पूड पाण्यात कालवली. खारट, वर लिंबाचा खोटा वास. पहिला पेला त्यांनी नाक दाबून घेतला, दुसरा डोळे मिटून. तिसऱ्याला म्हणाले, "समुद्र असाच लागत असेल. फक्त त्यात मासे तरी असतात."

त्यानंतर दोन तास त्यांचा मुक्काम संडासातच होता. बायकोने बाहेर स्टूल ठेवलं, त्यावर बसून ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मोठ्याने वाचत राहिली. "चार अक्षरी. आडवा शब्द. 'अचानक आलेले संकट'."

"आता मला नको विचारूस," आतून मास्तर कळवळून म्हणाले आणि दोघंही इतकी हसली की पुढचा शब्द राहूनच गेला.

पहाटे उरलेलं औषध घेतलं. शेवटी शेवटी नुसतं पिवळसर, स्वच्छ पाणी येऊ लागलं. बाहेर उजाडत होतं आणि अंग इतकं हलकं झालं होतं की जिना उतरताना मास्तरांनी कठडा धरला. पडण्याची भीती नव्हती, उडून जाऊ की काय असं वाटत होतं.

दवाखान्यात त्यांना मागून नाड्या असलेला झगा दिला. मास्तरांनी तो अंगात घालायच्या आधी उलटा करून पाहिला. "नाडी चुकीच्या जागी लावलीय," ते परिचारिकेला म्हणाले. "दोन बोटं वर घेतली असती तर माणसाची अब्रू राहिली असती."

"इथे सगळ्यांची सारखीच जाते, काका," ती हसत म्हणाली. "डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या. लहानपणी झोपायचात ना, तसे."

मास्तर वळले. लहानपणी ते असेच झोपायचे, एका अंथरुणात, दादाच्या पाठीला पाठ लावून. हे त्यांना इतकं अचानक आठवलं की त्यांनी पाठ थोडी मागे सरकवली. मागे कोणीच नव्हतं. हातातल्या सुईतून थंड काहीतरी दंडापर्यंत चढत गेलं.

पुढचं त्यांना नीट सांगता येत नसे. पूर्ण झोप नव्हती ती. समोर पडदा होता आणि पडद्यावर गुलाबी, ओलसर, चमकणारी एक वाट होती. ती वळत होती, पुढे पुढे उघडत होती. तिच्यावर निळसर रेघांचं नाजूक विणकाम होतं. दुखत नव्हतं, पोटात वारा भरल्यासारखं मात्र वाटत होतं. कोणीतरी म्हणालं, "अस्तर छान स्वच्छ आहे." अस्तर! मास्तरांना परमानंद झाला. आयुष्यभर कोटांना अस्तरं लावली आणि आपल्यालाही एक आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. इतकं तलम, आणि कुठे जोड नाही, टीप नाही. त्यांना हे दादाला सांगायचं होतं. दादा इथेच कुठेतरी पुढच्या वळणावर असणार असं वाटत होतं, घाई नव्हती. वाट थांबली. एका घडीवर वाटाण्याएवढा कोंब होता. तारेचं छोटं वेटोळं आलं, कोंबाच्या मुळाशी बसलं, आवळलं. पुढे आणखी एक, तोही तसाच गेला. मग पांढरा उजेड आणि बायकोचा आवाज, "अहो, उठताय ना?"

"झालं?" मास्तर म्हणाले. "मी आत्ता तर वळलो कुशीवर."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली. "दोन पॉलिप निघाले, आतड्यात उगवलेले कोंब. काढून टाकलेत, तपासायला पाठवलेत. आठवड्याने या."

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका सदऱ्याची काजं त्यांनी डाव्या पट्टीऐवजी उजवीवर केली. अहवालाच्या दिवशी वहिनीही आल्या, पण आत आल्या नाहीत. बाहेरच्या फाटकापाशी थांबल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण मोठा पॉलिप ज्या जातीचा आहे, तीच जात पुढे बिघडते. कदाचित आठ वर्षांनी, कदाचित दहा. आता तो नाहीच. तीन वर्षांनी पुन्हा या."

फाटकापाशी मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि भरभर चालायला लागल्या, जणू बस चुकणार होती.

मग मास्तरांची जीभ सुटली. पन्नाशीच्या आसपासचं गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की टेप कमरेभोवती फिरवता फिरवता ते विचारायचे, "आतड्याची तपासणी झालीय का?" काही जण कानावर हात ठेवायचे. एक बसचालक, मोठ्या पोटाचा माणूस, तर भडकलाच. "मास्तर, बाहेरचं माप घ्या. आतलं कशाला?"

"बाहेरचंच घेत आलो इतकी वर्षं," मास्तर म्हणाले. "भावाचं तीनदा घेतलं."

बसचालकाने पोट आत ओढलं आणि माप दिलं. पँट न्यायला आला तेव्हाही विषय निघाला नाही. महिन्याभराने मात्र त्याने गल्लीच्या तोंडाशी बस थांबवली, खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडून सांगितलं, "मास्तर, काही निघालं नाही! पण ते औषध! तुमचं नाव घेऊन घेऊन प्यायलो!" बसमधली माणसं हसली. कोणाला काही कळलं नव्हतं, तरी हसली.

वहिनींचंही तिकडे पोस्टात तेच चाललं होतं. रांगेतल्या माणसाला तिकिटं देता देता त्या वय विचारायच्या. बायकांना बाजूला घेऊन समजावायच्या. हे इथे नको, असं वरिष्ठांनी एकदा दबक्या आवाजात सांगून पाहिलं, तर त्यांनाच तपासणीआधीच्या पथ्याची यादी लिहून दिली.

एका रविवारी मास्तर, त्यांची बायको आणि वहिनी चहा पीत बसले होते. वहिनी सांगत होत्या की त्यांच्या शब्दाखातर आतापर्यंत सात जण जाऊन आले. मास्तरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, तुमची कधी झाली?"

वहिनींनी कप बशीत ठेवला. "माझ्या घरात कोणाला नव्हतं."

"पन्नाशी उलटली की सगळ्यांनीच करायची असते. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मला काही होत नाही, भाऊजी."

बोलल्या आणि स्वतःच चमकल्या. बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग वहिनी म्हणाल्या, "तपासणीला मी घाबरत नाही. त्या फाटकातून आत जायला घाबरते. ह्यांना तिथेच रोग सांगितला होता ना. आतल्या बाकावर बसले होते. पुढचे उपचार दुसरीकडे झाले. तेव्हापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही. तुमचं नावसुद्धा फोनवरून नोंदवलं होतं."

मास्तरांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "दुसरा दवाखाना बघू," इतकंच म्हणाले.

"नको," वहिनी थोड्या वेळाने म्हणाल्या. "तोच. तुम्ही चला बरोबर."

मंगळवारी ते तिघं गेले. फाटकापाशी वहिनी थबकल्या. मास्तर आणि बायको दोन्ही बाजूंना उभे राहिले, कोणी घाई केली नाही. एक माणूस झाडांना पाणी घालत होता, पाइपाच्या तोंडाशी उन्हात बारीकसं इंद्रधनुष्य धरलं होतं. वहिनी ते बघत राहिल्या आणि बघता बघताच आत शिरल्या.

बाकावर मात्र त्या बसल्या नाहीत. हाक येईपर्यंत उभ्याच होत्या. त्यांना आत नेल्यावर मास्तर त्या बाकावर बसले. लांब खिडक्यांतून ऊन फरशीवर आलं होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्यातून जात-येत होती आणि कोणाच्याच पावलांचा आवाज होत नव्हता. मास्तरांनी डोळे मिटले. वेळ कुठून कुठे गेला ते कळलं नाही.

"सगळं स्वच्छ," परिचारिका सांगत होती. "आता दहा वर्षं बघायला नको."

पलंगावर वहिनी अजून डाव्या कुशीवरच होत्या. डोळे अर्धे उघडे, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं शांत, थोडं खट्याळ हसू. कित्येक महिन्यांत तो चेहरा असा दिसला नव्हता.

"भाऊजी," त्या जड जिभेने म्हणाल्या, "ह्यांना किती वेळ हाका मारत होते मी. ओ देत होते, पण येत नव्हते. म्हणाले, तू जा, मला अजून वेळ आहे."

बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले. वहिनींनी हळूच मान वळवली, खोलीभर नजर फिरवली आणि मग अगदी शुद्धीवर आल्यासारखं विचारलं, "चहा मिळेल का इथे? दुधाचा. आणि बरोबर काहीतरी खायलाही आणा. भरपूर आणा."