मिनाची गैरहजेरी

खोटं कशाला बोलू, गेल्या वर्षी मिनाला मीच घरी बसवलं होतं. तिसरीत होती, आणि 'कमळ'च्या पुढं वाचनाची गाडी सरकायची नाही. वाचन चाचणीला साहेब येणार होते. आमची जिल्हा परिषदेची शाळा दोन वर्षं केंद्रातल्या सगळ्या शाळांत तळाला. मी तिला म्हणाले, "उद्या येऊ नको गं माय. डोकं दुखतंय म्हण." हजेरीत 'आजारी' लिहिलं. शाळा पहिली आली, पेपरात फोटो छापून आला. हार घालून दात काढत उभी आहे मी!

मग लाजेनं म्हणा, वर्षभर शाळा सुटल्यावर तिला घेऊन बसले. पोरगी वाचायला लागली. आज पुन्हा साहेब येणार, आधी तिलाच उभी करायची असं ठरवलेलं, आणि बाईसाहेबांचा पत्ताच नाही! अशी तणतणले! साहेब यायला तासभर होता. स्कूटी काढली आणि तांडा गाठला.

मिना दारात भांडी घासत होती.

"काहून आली न्हाईस गं? काय दुखून राहिलं?"

"काही न्हाई मॅडम. आज साहेब येणार ना."

तिची आई, जमनाबाई, घाईघाईनं बाहेर आली. "मी म्हनलं जाय, तर आयकंना. तुमी लई केलं मॅडम हिच्यासाठी. हे बघा, तुमचा फोटू जपून ठेवला." दाराच्या फळीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं. "मिना, वाचून दाखव मॅडमला."

"राहू द्या हो," मी म्हणाले. पण पोरगी फ्रॉकला हात पुसत उठलीच. फोटोखालच्या ओळींवर बोट ठेवून वाचू लागली, कुठंही न अडखळता.

"शाळेतील सर्व मुले वाचतात. एकही मूल मागे नाही."

वाचून झालं तरी बोट तिथंच.

"मॅडम, तवा मला येत नव्हतं ना?"

जमनाबाई माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"व्हय," मी म्हणाले. "ते खोटं हाय. तुला घरी मीच बसवलं होतं. चल, बस गाडीवर."

मिना जागची हलली नाही.

"मग साहेबानं इचारलं, गेल्या वर्षी कुठं होतीस, तर? डोकं दुखत होतं म्हणू ना?"

"खरं ते सांग." एवढं बोलायला मला किती वेळ लागला, ते जमनाबाईनं बघितलं.